वेचणीच्या दिवसांत ऑइलचा काटा

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून आमची कापसाची पहिली वेचणी लागली होती. पऱ्हाटी एकदम फुटली आणि गावातल्या बाया ज्यानं-त्यानं आधीच सांगून ठेवलेल्या, म्हणून मी दारव्ह्याच्या पलीकडच्या एका गावातून रोज बाया आणत होतो. पहाटे पाचला घरून निघायचं आणि साडेसहाच्या आत त्यांना वावरात उतरवायचं. गाडी म्हणजे आमची जुनी डिझेल जीप. बाबांनी घेतलेली. मी गाडी शिकलो ती हिच्यावरच.

या जीपच्या डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा काटा आहे. आताच्या बहुतेक गाड्यांत नुसता लाल दिवा असतो आणि दाब जवळजवळ संपल्यावरच तो लागतो. काटा मात्र हळूहळू उतरणारा दाब खूप आधी दाखवतो, फक्त त्याच्याकडे पाहायची सवय पाहिजे. बाबांना ती होती. आमच्या काट्यावर आकडे नाहीत. डाव्या टोकाला 'एल', उजव्या टोकाला 'एच' आणि मध्ये दोन-तीन रेषा, एवढंच. मला गियर टाकायला शिकवायच्या आधी बाबांनी हे सांगितलं होतं, "काटा पडला का आधी स्टॉपर वढ, मंग विचार कर." स्टॉपर म्हणजे डिझेल इंजिन बंद करायला ओढतात ती मूठ.

त्या पहाटे दारव्ह्यात शकुंतला रेल्वेच्या रुळांवरून गाडी खडखडत गेली आणि काटा पडला. यवतमाळ-मूर्तिजापूरची ही २ फूट ६ इंच रुंदीची लाइन. ही रेल्वे कधीची बंद आहे, रूळ मात्र जागेवर आहेत. काटा मधल्या रेषेवरून सरळ 'एल'वर आला. मी क्लच दाबेपर्यंत परत वर गेला, पुन्हा पडला, मग वाऱ्यावर गवताचं पातं हलावं तसा हलत राहिला. मी स्टॉपर ओढला आणि आहे त्या वेगावर गाडी कडेला घेतली.

इतकी घाई का, ते सांगतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग हे एकमेकांना टेकून फिरत नाहीत. त्यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ थर असतो आणि सगळं त्या थरावर तरंगतं. पंपाचा दाब गेला की तो थर टिकत नाही, लोखंड बेअरिंगला घासायला लागतं, आणि भरल्या गाडीत हे बिघडायला फार वेळ लागत नाही. "पुढच्या गावापर्यंत नेऊ, तिथं पाहू" असं म्हणून इंजिन घालवलेले दोघे-तिघे आमच्याच गावात आहेत.

मोबाइलच्या उजेडात बॉनेट उघडलं, पाच मिनिटं थांबलो, ऑइलची पातळी पाहायची पट्टी काढून पुसली, परत घालून काढली. ऑइल वरच्या खुणेच्या थोडं वरच होतं. मला हायसं वाटलं. या हायसं वाटण्याबद्दल पुढं लिहायचं आहे. खाली वाकून पाहिलं, चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, बाहेरून कोरडं होतं, रस्त्यावर डाग नव्हता. बाया तिकडे चौकात वाट पाहत होत्या, त्यांच्यासाठी एका ओळखीच्या ऑटोवाल्याला फोन केला आणि उजाडल्यावर चुलतभावाच्या ट्रॅक्टरला टोचन करून जीप घरी आणली.

दुपारी दारव्ह्याचा एक मेकॅनिक घरी येऊन गेला. त्यानं मी सांगितलेलं ऐकलं, इंजिन दोन मिनिटं चालवायला लावलं, काटा नाचताना पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, बेअरिंगा गेल्या. हाफ इंजिन करा लागते." म्हणजे इंजिन खोलून दुरुस्ती, खर्च पंचावन्न हजारांच्या घरात. इंजिनचा आवाज त्यानं धड ऐकलासुद्धा नाही. संध्याकाळी दुसऱ्या एकाला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "काट्याचं काय घेऊन बसले, सेन्सर बदला नाईतर काटाच काढून टाका." एकाचं ऐकावं तर कापसाचा पहिला पैसा इंजिनात जाणार, दुसऱ्याचं ऐकावं तर डोळे बांधून गाडी चालवायची. दोघांनीही काही मोजलं नव्हतं, आणि मला तेच खटकत होतं.

मग मी एका काकांकडे गेलो. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आमच्या गावापासून चार कोसावर राहतात. गुडघ्यामुळं आता फारसे हिंडत नाहीत. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि प्रश्न विचारत गेले. काटा पडला तेव्हा गाडी चढावर होती का उतारावर? वळणावर पडला का सरळ रस्त्यावर? इंजिन गरम होतं का थंड? लाइट चालू होते का? इंजिनाचा आवाज बदलला का? सेल्फ कसा फिरून राहिला?

शेवटचे दोन प्रश्न ऐकून मी थांबलो. आवाज काहीच बदलला नव्हता. काटा 'एल'वर असतानाही टॅपेटची टिकटिक वाढली नव्हती, खालून ठोके नव्हते. आणि सेल्फ महिनाभरापासून जड फिरत होता, मी बॅटरीला दोष देत होतो.

"हे पाह्य," काका म्हणाले, "ऑइलचा दाब असा टुणकन उडत नाई. पंप इंजिनासंगं फिरते. रुळावर गाडी आदळली म्हून दाब शून्य होते अन् लगेच भरते, असं कसं होईन? पट्टीत ऑइल कमी असतं तं वळणावर, ब्रेकवर पडला असता. तुह्या काट्याले धक्का लागून राहिला, ऑइलले नाई. पण हे माहं म्हननं झालं. तू पाहून घे."

काय-काय पाहायचं ते त्यांनी सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम, ऑइल वर पोचतं का. टॅपेट कव्हरवरचं ऑइल भरायचं झाकण काढलं, पुतण्याला सीटवर बसवलं आणि पंधरा सेकंद इंजिन नुसतं मंद चालवलं. टॉर्चच्या उजेडात रॉकरवर ऑइल ओलं चमकत आलं, कडेनं ओघळायला लागलं. म्हणजे पंप ऑइल ढकलत होता. किती दाबानं, ते यातून कळत नाही. पण दोन-चार मिनिटं इंजिन चालवून तपासायला हरकत नाही एवढी खात्री झाली.

मग काट्याची तपासणी. सेन्सर इंजिनच्या ब्लॉकला आट्यांवर कसलेला असतो. आत एक पडदा, ऑइलनं तो दाबला की आतला विरोध बदलतो, त्याप्रमाणे वायरीतला करंट बदलतो आणि काटा हलतो. वायर एकच येते. दुसरी बाजू म्हणजे सेन्सरचं स्वतःचं अंग. त्याच्या आट्यांमधून इंजिन, इंजिनामधून चेसिस, चेसिसमधून बॅटरीची ऋण बाजू. या वाटेत कुठंही मळ बसला की काटा खोटं बोलायला लागतो.

चाबी लावून, इंजिन बंद ठेवून सेन्सरची वायर काढली. काटा 'एल'वर. वायरीचं टोक क्षणभर बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं, काटा शांतपणे 'एच'कडे गेला. काढलं, परत आला. दहा वेळा केलं, दहाही वेळा सारखंच, मधी कुठं अडखळ नाही. म्हणजे काटा, वायर आणि डॅशबोर्डची बाजू ठीक. (काही गाड्यांत हे बरोबर उलटं असतं, वायर काढली की काटा वर जातो. आपल्या गाडीचं काय ते आधी पाहून घ्यावं. आणि टोक जास्त वेळ टेकवून ठेवू नये, काटा जळू शकतो.)

वायर परत जोडली, इंजिन सुरू केलं. पुतण्या काट्याकडे पाहत होता, मी वायर हलवली. काही नाही. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं सेन्सरच्या अंगाला बाजूनं हलका दाब दिला.

"काका, पडला! आता चढला! परत पडला!" पुतण्या मला ओरडून सांगत होता.

मी जवळ ठेवलेली जाड वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला बांधलेलं होतं, दुसरं सेन्सरच्या षटकोनी अंगावर दाबून धरलं. पुतण्या गप्प झाला. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "हालूनच नाई राहिला आता." मी सेन्सर पुन्हा दाबला, ठोकला, काटा जागचा हलला नाही. ही वायर काढली की नाच सुरू, लावली की बंद. तिथं, गोठ्याच्या शेजारी उभं राहून, मला पंचावन्न हजारांचं ओझं निम्मं उतरल्यासारखं वाटलं.

सेन्सर काढायला इंजिन थंड होऊ दिलं. पाना लावून सोडवला तर आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप, नळाच्या फिटिंगला गुंडाळतात तशी चार-पाच वेढे, अगदी टोकापर्यंत. गेल्या उन्हाळ्यात सेन्सरपाशी ऑइल पाझरत होतं म्हणून एका ठिकाणी दाखवलं होतं, तेव्हाचं हे काम. पाझरणं थांबलं, मीही खूश होतो. टेप नवीन असताना आटे तिला कापून लोखंडाला टेकलेले असणार, म्हणून काही महिने काटा बरोबर चालला. मग इंजिनच्या थरथरीनं आणि गरम-थंड होण्यानं तो टेकू सुटत गेला. सेन्सरच्या आट्यांना निमुळतेपणा असतो, नीट कसला की तो तसाच बसतो. टेप लावायचीच तर पुढचे दोन-तीन आटे सोडून, पण माझं मत विचाराल तर या जागी ती नकोच.

सेल्फ जड का फिरतो, तेही याच वाटेवर सापडलं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवला, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर खरवडलेल्या जागी. स्टॉपर ओढून ठेवून पुतण्याला सेल्फ मारायला सांगितलं. ही दोन्ही टोकं म्हणजे एकच अर्थिंग, फरक अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. माझ्याकडे २.१ आला. इंजिन आणि चेसिस जोडणारी विणलेल्या तारेची पट्टी शोधली. इंजिनच्या पायाजवळ, पावसाळाभर उडालेल्या गाऱ्याखाली ती दडली होती. बोटानं ओढली तर निम्म्या तारा हातात आल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या. करंटला वाट मिळत नव्हती म्हणून तो मिळेल तिथून जात होता. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला कोमट लागली, ती त्यामुळंच. पहाटे हेडलाइट चालू असताना काटा जास्त नाचतो हेही मग कळलं.

नवी पट्टी १८० रुपयांना मिळाली. दोन्ही टोकांच्या जागा पॉलिश पेपरनं पांढऱ्या होईतो घासल्या, बोल्ट कसून वरून ग्रीस लावलं. सेन्सरचे आटे डिझेलनं धुऊन, टेप खरवडून, तसाच बसवला. सेल्फ पहिल्याच झटक्यात खणखणीत फिरला, मीटरवर ०.२ आलं. काटा उठला आणि थांबला. गेटपर्यंत जाऊन आलो, खड्ड्यातून मुद्दाम नेली. काटा स्थिर.

बाबा ओट्यावरून पाहत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं थांबला?"

मी म्हणालो, "मधल्या रेषेवर."

"गरम झाल्यावर?"

गरम झाल्यावर मी पाहिलं नव्हतं. इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, मग मंद वेगावर सोडलं. काटा आता नाचत नव्हता, पण 'एल'च्या अगदी जवळ येऊन थांबला. इतक्या खाली तो कधी नसायचा. मी काकांना फोन केला तर ते म्हणाले, "काटा शांत झाला हे चांगलं झालं. आता तो खरं सांगून राहिला का, ते पाहा लागते. मले घ्यायले ये, मोटरसायकलवर."

काका आले ते पिशवीत त्यांचं जुनं गेज घेऊन. पितळी डबी, काचेत ० ते १०० पीएसआयचे (पीएसआय हे दाबाचं माप) आकडे, हातभर लांब जाड नळी आणि तीन-चार वेगवेगळ्या आट्यांचे जोड. विजेचा संबंधच नाही. सेन्सर काढून त्या जागी जोड कसला, नळी पंख्यापासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून दूर बांधली. गरम ऑइल दाबानं येतं, नळी सुटली तर अंगावर उडतं, म्हणून त्यांनी सगळ्यांना मागं सरकवलं.

इंजिन थोडं थंड झालेलं होतं तेव्हा ४५ च्या आसपास. मग तापत गेलं तसा दाब उतरत गेला. पूर्ण गरम, मंद वेगावर ६. ॲक्सिलरेटर दाबून वेग वाढवला, आमच्या जीपला आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, दाखवणारं मीटर नाही, काकांच्या कानाच्या अंदाजानं दोन हजार, तर १४. मेकॅनिक लोकांचा एक ठोकताळा आहे, हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय. त्या हिशेबानं २० तरी पाहिजे होते. कंपनीचं पुस्तक हाताशी असेल तर त्यातला आकडाच खरा, पण आमच्या जीपचं पुस्तक कधीच उंदरांनी खाल्लं आहे.

माझा चेहरा पडला. पहिल्या मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरतं का काय, असं वाटलं. काकांनी काही न बोलता स्टॉपर ओढला, थोडा वेळ जाऊ दिला आणि ऑइलची पट्टी काढली.

"किती महिन्यांआधी बदललं?"

"जुलैत. पाच लिटर टाकलं होतं."

"वरून किती टाकलं?"

"काहीच नाही. लागलंच नाही यंदा."

"एरवी लागते का?"

एरवी लागतं. चार महिन्यांत अर्धा-पाऊण लिटर ही जीप खातेच, दरवर्षी दिवाळीच्या आधी मी वरून टाकतो. यंदा पट्टी पाहिली की भरलेलीच दिसायची आणि मला बरं वाटायचं. त्या पहाटे रस्त्याच्या कडेलाही ऑइल खुणेच्या वर पाहून हायसं वाटलं होतं. काकांनी पट्टी माझ्या नाकाजवळ धरली. ऑइलच्या वासातून डिझेलचा वास स्पष्ट येत होता. त्यांनी थेंब माझ्या अंगठ्यावर दिला, म्हणाले, चोळ. ऑइल बोटांत जसं तारेसारखं ओढलं जातं तसं काही झालंच नाही, पाण्यासारखं पसरलं.

मग त्यांनी पुतण्याच्या वहीतला एक कोरा कागद घेतला. गाडीतल्या ऑइलचा एक थेंब आणि शेजारी नव्या डब्यातल्या ऑइलचा एक थेंब टाकून तो खाटेवर सपाट ठेवला. चहा होईपर्यंत नव्या ऑइलचा डाग आखीव गोल होऊन थांबला होता. आमच्या ऑइलच्या काळ्या डागाभोवती मात्र फिकट पिवळसर ओलं कडं पसरलं होतं, आणि ते अजून पसरतच होतं. "थे बाहीरचं डिझेल," काका म्हणाले.

पंप दाब तयार करतो असं आपण म्हणतो. खरं तर पंप फक्त ऑइल ढकलतो, आणि बेअरिंगच्या बारीक फटींतून जाताना ते अडतं त्याचा दाब होतो. ऑइल पातळ झालं की ते त्याच फटींतून विनासायास निघून जातं, अडतच नाही, मग दाब कुठून येणार? पुरणयंत्राच्या जाळीतून पुरण काढायला हाताचा जोर लागतो, ताक ओतलं तर जोर लागतच नाही, तसंच. थंड असताना घट्टपणा थोडा तरी टिकून होता म्हणून ४५ दाखवत होतं, तापल्यावर काही उरत नव्हतं. आणि चेंबरमध्ये असं डिझेल भरत गेलं की आणखी एक धोका असतो. पातळी फार वाढली तर ऑइलच हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि डिझेल इंजिन त्याच्यावरच चालायला लागतं, मग स्टॉपर ओढूनही ते बंद होत नाही. काकांनी डेपोत एकदा हे पाहिलं होतं.

डिझेल येत कुठून होतं? इंजिनच्या अंगाला डिझेल ओढणारा पडद्याचा पंप असतो, आपल्याकडे त्याला एसी पंप म्हणतात. त्याच्या पडद्याच्या एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला इंजिनचं आतलं ऑइल. दोन बोल्ट काढून तो बाहेर घेतला, उलटा केला तर ऑइलच्या बाजूनं डिझेल ठिबकलं. वरचं झाकण खोललं. काळा रबरी पडदा, मधल्या चकतीच्या कडेला नखाएवढी चीर. बोटानं ताणली की उघडायची, सोडली की मिटायची. इतकीशी.

नवा पंप यवतमाळहून मागवला, दुसऱ्या दिवशीच्या बसनं आला, बाराशे रुपये. तोवर ऑइल काढलं. मी मापाच्या डब्यात मोजून घेतलं, साडेपाच लिटर. पाच टाकलं, अर्धा-पाऊण इंजिननं खाल्लं, तरी साडेपाच निघालं. म्हणजे लिटरभर डिझेल आत होतं.

जुना फिल्टर मी फेकायला निघालो होतो, काकांनी थांबवलं. हॅकसॉ ब्लेडनं त्याचा पत्रा गोल कापला, आतला घडीचा कागद काढून पत्रावळीसारखा उघडला आणि उन्हात धरून एकेक घडी चाळली. बेअरिंग घासली गेली असेल तर तिचे चंदेरी किंवा तांबूस कण इथं अडकतात, उन्हात लगेच चमकतात. काजळी होती, एक-दोन काळे खडे होते. चमक कुठंच नव्हती. चुंबकही फिरवून पाहिला, जरासा भुगा आला, जुन्या इंजिनात येतो तेवढाच. "खोलू नको," काका म्हणाले. हा एक शब्द मी तीन दिवस ऐकायला बसलो होतो.

यानंतरही दाब आला नसता तर पुढची पायरी त्यांनी सांगूनच ठेवली होती. आधी दाब सोडणारा व्हॉल्व्ह, त्यात कचरा अडकून तो उघडा राहतो. मग चेंबर उतरवून आतली जाळी, ती गाळानं तुंबते. मग ऑइल पंप, आणि सगळ्यात शेवटी बेअरिंग. स्वस्तापासून महागाकडे. आमच्याकडे बहुतेक वेळा उलट्या टोकापासून सुरुवात होते, आणि त्याचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात, याचा मला खरोखर राग येतो.

नवा एसी पंप, नवा फिल्टर आणि आधी दोन लिटर स्वस्तातलं ऑइल टाकून, त्यात आणखी थोडं मिसळून पट्टीच्या खालच्या खुणेपर्यंत आणलं. पाच मिनिटं मंद चालवून तेही काढलं, आतलं डिझेल धुऊन निघावं म्हणून. मग १५डब्ल्यू-४० भरलं. काकांचं गेज अजून जागेवरच होतं. थंड, मंद वेगावर ५८. अर्धा तास चालवून, शेवटी वावरापर्यंत एक फेरी मारून, पूर्ण गरम मंद वेगावर १७. वेग वाढवल्यावर ३८.

काकांनी आकडा दोनदा पाहिला, चष्मा काढून पुसला आणि बाबांकडे पाहून मान हलवली. बाबा उठून उभे राहिले होते.

सेन्सर परत बसवल्यावर मी एक काम केलं. काकांच्या गेजवर १७ असतानाची स्थिती आमच्या डॅशबोर्डच्या काट्यावर कुठं येते ते पाहून काचेवर बायकोच्या नेलपॉलिशनं बारीक लाल टिंब दिलं. ठोकळ आहे, पण गरम इंजिनाची खालची हद्द आता डोळ्यांसमोर आहे. पुतण्याच्या त्या वहीत तारीख, किलोमीटर आणि पट्टीवरची पातळी लिहायला लागलो. कमी झाली का एवढंच मी आजवर पाहायचो. आता वाढली का, हेही पाहतो.

सहाव्या दिवसापासून पुन्हा बाया आणायला लागलो. दारव्ह्याच्या रुळांवर गाडी खडखडते, मी काट्याकडे पाहतो, तो टिंबाच्या वर असतो. मागं बसलेल्या बायांपैकी एका आजीनं विचारलंही, "काय पायतं रे पोरा घडी-घडी?" मी तिला काटा दाखवला, ती पुढं वाकून बराच वेळ पाहत बसली.

काल तिसरी वेचणी संपली. संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेपेक्षा अर्धा बोट खाली आलं आहे, दरवर्षी येतं तसंच. बाबांना जाऊन सांगितलं, त्यांनी डब्यातून काढून अर्धा लिटर टाकायला सांगितलं.